एका कॅनच्या पैशात सहा

माझ्या आतेभावाची इंदूरमध्ये दोन दुकानं आहेत. एक भंवरकुआँला, कोचिंगच्या गल्लीत. दुसरं देवास नाक्यावर, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांसमोर. पहिलं आतोबांनी काढलेलं, दुसरं दादाने स्वतः उभं केलेलं. माल दोन्हीकडे जवळपास तोच: सेव, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या, मोबाइलचे चार्जर, आणि उन्हाळ्यात बाकी सगळ्याला मागे टाकणारं कोल्ड्रिंक.

इंदूरमध्ये रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आटोपली की उन्हाळा सुरू झाला असं धरतात. दादाही त्याच आठवड्यात फ्रीज धुऊन घेतो आणि यंदा काय किती भरायचं ते ठरवतो. त्या रविवारी मी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. मी शहरातल्याच एका कॉलेजात मार्केटिंग शिकवतो आणि दर वर्षी दुसऱ्या सत्रात रेड बुल या एनर्जी ड्रिंकचं प्रकरण घेतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आत्याच्या लेखी तर माझी नोकरी म्हणजे पोरांना जाहिराती दाखवणं. वरणावर तूप घेताघेता दादाने विचारलं, "तू हे शिकवतोस ना? मग सांग, तो निळा कॅन नाक्यावरच्या दुकानात ठेवू का नको?"

भंवरकुआँला तो कॅन चालत होता. फार नाही, पण चालत होता. नाक्यावर त्याने कधी ठेवलाच नव्हता.

मी फारसा विचार न करता म्हणालो, "ठेव की. रात्रीची गाडी मारणाऱ्या ड्रायव्हरला झोप उडवायला आणखी काय लागतं?" दादाने चोवीसचा एक ट्रे नाक्यावर ठेवला. पुढे जे झालं त्यात माझं उत्तर चुकलं, आणि कुठे चुकलं हे समजून घ्यायला मला माझ्याच टिपणवहीतली पहिली दोन पानं पुन्हा वाचावी लागली. ती पानं मी वर्गात पाच मिनिटांत उरकत होतो.

तपकिरी बाटली

रेड बुलची गोष्ट ऑस्ट्रियातून सुरू होत नाही, थायलंडमधून होते. चालिओ युविध्या हा चिनी स्थलांतरितांच्या गरीब घरातला माणूस. घरी बदकं पाळायची आणि फळं विकायची. पुढे त्याने बँकॉकमध्ये टी. सी. फार्मास्युटिकल ही औषधांची कंपनी काढली. त्या काळी जपानी टॉनिकांची थायलंडमध्ये चलती होती. त्यातलं लिपोव्हिटान हे १९६२ पासूनचं, छोट्या तपकिरी काचेच्या बाटलीतलं, औषधासारखं एका घोटात संपवायचं. चालिओने १९७० च्या दशकाच्या मध्यावर तसंच आपलं एक पेय काढलं: कॅफिन, टॉरिन, ब गटातली जीवनसत्त्वं आणि भरपूर साखर. फेस नाही, बुडबुडे नाहीत. पाकासारखं गोड. नाव क्राटिंग डेंग.

क्राटिंग म्हणजे गवा. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात असतो तोच. डेंग म्हणजे लाल. इंग्रजीत जाताना गव्याचा बैल झाला, कारण गवा म्हणजे काय हे युरोपात कोणाला सांगत बसणार? मराठी माणसाला मात्र मूळ नाव कळायला काहीच अडचण नाही. कॅनवरची ती दोन जनावरं नीट पाहिली तर वशिंडापासून छातीपर्यंतचा बांधा गव्याचाच आहे.

हे पेय कोणासाठी होतं? ट्रक ड्रायव्हर, कारखान्यातले रात्रपाळीवाले, शेतमजूर, बांधकामावरची माणसं. जाहिरात थाई बॉक्सिंगच्या सामन्यांतून, कारण हाच माणूस ते सामने बघायचा. किंमतही त्याच्याच खिशाला बेतलेली. आजही थायलंडमध्ये अशी बाटली तिथल्या चलनात दहा-बारा ‘बात’ इतक्या किमतीला मिळते.

ट्रक ड्रायव्हर. मी वर्गात हा शब्द दर वर्षी उच्चारत होतो आणि पुढे सरकत होतो.

टूथपेस्टवाला

डीट्रिख माटेशित्झ हा ऑस्ट्रियन, ब्लेंडॅक्स या जर्मन कंपनीत टूथपेस्ट विकायच्या कामावर. कामानिमित्त आशियात सारखी ये-जा. १९८२ मध्ये थायलंडला उतरल्यावर लांबच्या विमानप्रवासाने आलेला शिणवटा त्या तपकिरी बाटलीने घालवला, असं तो सांगायचा. चालिओचा ब्लेंडॅक्सशी धंद्याचा संबंध होताच. १९८४ मध्ये दोघांनी प्रत्येकी पाच लाख डॉलर घालून कंपनी काढली. दोघांकडे ४९-४९ टक्के आणि उरलेले २ टक्के चालिओच्या मुलाकडे. त्या दोन टक्क्यांमुळे युविध्या घराण्याकडे बहुमत राहिलं, आजही आहे. म्हणजे ज्याला आपण ऑस्ट्रियाची कंपनी म्हणतो तिची निम्म्याहून जास्त मालकी बँकॉकमध्ये आहे.

पेय बाजारात यायला तीन वर्षं गेली. परवाने, चव, डबा, नाव. माटेशित्झने बुडबुडे घातले आणि गोडी कमी केली. आधी लोकांना चाखायला दिलं तर कोणाला चव आवडली नाही, रंग आवडला नाही, नाव आवडलं नाही. १ एप्रिल १९८७ ला ऑस्ट्रियात विक्री सुरू झाली. दिवस एप्रिल फूलचा, पण पेय खरंच आलं.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय घोषवाक्याचा नाही, किमतीचा आहे. बाजारात कोलाचा डबा ३३० मिलीचा होता. हा २५० चा, सडपातळ, चंदेरी-निळा, आणि कोलापेक्षा कितीतरी महाग. कमी मालाला जास्त पैसे. गिऱ्हाइकाने विचारायचं, का बुवा? आणि उत्तर त्याने स्वतःच द्यायचं: यात काहीतरी असणार. कोलाच्या किमतीला विकलं असतं तर ते एक बेचव सरबत ठरलं असतं. महाग ठेवल्यावर तीच चव औषधी वाटायला लागली. लहानपणी आपल्याकडे काढा असाच खपवायचे, कडू म्हणजे गुणकारी.

पुढे ‘रेड बुल तुम्हाला पंख देतं’ या अर्थाचं घोषवाक्य आलं आणि कार्टूनच्या जाहिराती आल्या. पाठीवर भलामोठा डबा बसवलेल्या छोट्या गाड्या कॉलेजांबाहेर फिरायला लागल्या. त्यातून मुली उतरायच्या आणि थंड कॅन फुकट हातात द्यायच्या, परीक्षेच्या दिवसांत खास करून. कॉलेजातलाच एखादा मुलगा कंपनीचा माणूस म्हणून नेमायचा, तो पार्ट्यांत माल पोचवणार. आणि हे सगळं करताना कंपनीने स्वतःच्या कारखान्याचा व्याप मात्र मुद्दाम टाळला: पेय तयार करून डब्यात भरण्याचं काम राउख या फळांच्या रसाच्या ऑस्ट्रियन कंपनीकडे. कंपनीचं स्वतःचं सगळं लक्ष विकण्यावर.

खेळांबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. २००४ च्या अखेरीस त्यांनी फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींतला जॅग्वार संघ विकत घेतला आणि २०१० ते २०१३ सलग चार वर्षं जगज्जेतेपद मिळवलं. जर्मनीत २००९ मध्ये लाइप्झिगचा फुटबॉल क्लब उभा केला. तिथे क्लबच्या नावात कंपनीचं नाव चालत नाही, तर त्यांनी ‘रासनबॉलस्पोर्ट’ असा शब्द बनवला, म्हणजे हिरवळीवरचा चेंडूचा खेळ, आणि आद्याक्षरं बरोबर आर. बी. आली. हे मला फार आवडतं. नियम वाचून पळवाट काढणारा माणूस इंदूरच्या रजिस्ट्री कचेरीतही लगेच ओळखू येतो. भारतात २०१२ पासून कॉलेजांच्या संघांची ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धा सुरू केली. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला कंपनीच्याच मोहिमेत फेलिक्स बाउमगार्टनर या पॅराशूटवाल्याने अमेरिकेत न्यू मेक्सिकोवर सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारली. यूट्यूबवर ती एकाच वेळी ऐंशी लाख लोकांनी थेट पाहिली. वर्गात मी ती चित्रफीत लावतो. पोरं टाळ्या वाजवतात. पूर्ण चित्रफितीत कोणी काही पीत नाही, हे बहुतेक वर्षी कोणाच्या लक्षात येत नाही.

अमेरिकेत एकाने खटला भरला की हे पेय कॉफीपेक्षा जास्त काही देत नाही आणि तरी एकाग्रता वाढते वगैरे दावे करून जास्त पैसे घेतात. २०१४ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता १ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड केली. वर्तमानपत्रांनी ‘पंख फुटले नाहीत म्हणून दावा’ असा मथळा केला, जो खरा नव्हता आणि कंपनीच्या फायद्याचाच ठरला.

गल्लीतलं दुकान

आता भंवरकुआँला या. राज्यसेवेच्या परीक्षा घेणारा आयोग इंदुरातच आहे, त्यामुळे बडवानी, खरगोन, बऱ्हाणपूरपासून पोरं इथे येऊन खोल्या घेऊन राहतात. दादाच्या दुकानात रात्री दहानंतरची गर्दी त्यांचीच. दिवसाला एखाद-दोन कॅन जातात. प्रिलिम्सच्या आधीच्या आठवड्यात मात्र ट्रे रिकामा होतो.

कॅन कुठे ठेवायचा यावरून मधे एक लढाई झाली. दुकानातला मोठा काचेचा फ्रीज एका शीतपेय कंपनीने फुकट दिलेला. अट अशी की आत फक्त त्यांचा माल. सेल्समन दर आठवड्याला येऊन फ्रीजचा फोटो काढायचा आणि परका माल दिसला की "भिया, ऊपर से फोन आ जाएगा" म्हणायचा. दादाने कॅन उचलून मागच्या जुन्या फ्रीजमध्ये टाकले, दुधाच्या पिशव्या आणि श्रीखंडाच्या डब्यांशेजारी. विक्री थांबलीच. मागणारे मागायचे, पण बघून घेणारे संपले. मग त्याने गल्ल्याशेजारी छोटा काउंटर-फ्रीज लावला, हाताच्या उंचीवर, आतला दिवा चालू. कॅन पुन्हा हलायला लागले.

तिथल्या गिऱ्हाइकाला दोन शंका असतात. पहिली गल्लीतल्या जैन मेसवाल्या काकूंची: "यात बैलाचं काही नसतं ना?" शंका अगदीच वेडगळ नाही. पेयातल्या टॉरिन या घटकाचं नाव बैलाच्या लॅटिन नावावरूनच आलंय. १८२७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी ते बैलाच्या पित्तातून वेगळं केलं होतं. आता ते कारखान्यात रसायनांपासून बनतं. दादा कॅन फिरवून हिरवा ठिपका दाखवतो आणि विषय संपवतो. दुसरी शंका आत्याची, जी दर भेटीत येते: "सव्वाशे रुपयांत माझी आठवड्याची चहापत्ती आणि साखर येते." आत्याचा हिशेब चुकीचा नाही. त्या डब्यात सुमारे २७ ग्रॅम साखर आहे, सहा चमचे म्हणा. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने कॅफिनला लिटरमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, म्हणजे २५० मिलीत ७५ च्या आत. एक मोठा कप कॉफी. वर करही आहेच: २०१९ पासून कॅफिनच्या पेयांवर २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के उपकर, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून सरळ ४० टक्के. सव्वाशेतले पस्तीसेक रुपये सरकारचे.

मग पोरगा तो का घेतो? कारण प्रिलिम्सची आदली रात्र रोज येत नाही.

नाक्यावरचं दुकान

देवास नाक्यावर ट्रे लागला तेव्हा मी हौसेने दोन संध्याकाळी तिथे जाऊन बसलो. शिकवणाऱ्याला दुकानात बसायची सवय नसते; दादाने मला गल्ल्यापासून लांब, तेलाच्या पिंपाशेजारी स्टूल दिलं.

साडेआठच्या सुमारास धुळ्याकडचा एक ड्रायव्हर आला. दादाची मराठी ऐकून मराठीत बोलायला लागला. सेंधव्याचा घाट उतरून पहाटेपर्यंत धुळे गाठायचं होतं. फ्रीजसमोर उभा राहिला, कॅन काढला, थंडपणा बघायला गालाला लावला, फिरवून किंमत शोधली.

"भाऊ, हा सव्वाशेचा?"

"हो."

"आणि ती लालवाली?"

"वीस."

त्याने मनातल्या मनात भागाकार केला, ओठ हलले. "मंग याच्यात सहा येतात ना." कॅन होता त्याच जागी, होता तसाच, चित्र पुढे करून ठेवला. दोन लाल बाटल्या घेतल्या. एक तिथेच उभ्याने संपवली आणि दुसरी केबिनमध्ये, देवाच्या फोटोखालच्या खोबणीत ठेवली.

लालवाली म्हणजे स्टिंग. पेप्सिकोचं पेय. भारतात २०१७ च्या सुमारास आलं तेव्हा तेही कॅनमध्ये, जास्त किमतीला होतं आणि फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. मग प्लास्टिकच्या २५० मिलीच्या बाटलीत, वीस रुपयांना आलं आणि दोन-तीन वर्षांत गावोगावच्या टपऱ्यांत पोचलं. दादा सांगतो, पहिल्या उन्हाळ्यात पेट्या उतरवेपर्यंत संपायच्या. आता दहा रुपयांचेही स्पर्धक आले आहेत.

त्या ड्रायव्हरने कॅन परत ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात तपकिरी बाटली आली. पन्नास वर्षांपूर्वी चालिओने जो माणूस समोर ठेवून पेय काढलं तो हाच. माटेशित्झने त्याच्या हातातून ते काढून घेतलं, बुडबुडे घालून, डब्यात भरून, आल्प्समध्ये बर्फावर घसरणाऱ्यांच्या हातात दिलं, आणि ते परवडणार नाही इतकं महाग केलं. तोच तर सगळा कसब होता. ड्रायव्हरची जागा रिकामी राहिली, आणि भारतात ती दुसऱ्याच कंपनीने वीस रुपयांत भरली. नाक्यावर तो निळा कॅन ठेवायला सांगून मी दादाला त्या पेयाचं मूळ गिऱ्हाईक दाखवलं, पण किंमत मात्र माटेशित्झच्या नव्या गिऱ्हाइकाची लावली.

कॅन चुकीचा नव्हता. ड्रायव्हरला रोज रात्री जागायचं असतं. रोजच्या खर्चात तो सव्वाशेला वीसने भागणारच. विद्यार्थ्याला वर्षातून चार-पाच रात्री जागायचं असतं, आणि त्या रात्री तो भागाकार करत नाही.

दादाच्या बाजूने पाहिलं तर नगामागे कॅनवर सुटतं जास्त, पण ट्रेमध्ये अडकलेले पैसे नाक्यावर महिनाभर हलले नाहीत. लाल पेटीवर बाटलीमागे सुटणारे पैसे सांगायलाही लाज वाटावी इतके थोडे, तरी ती पेटी त्याच महिन्यात कितीदा फिरली. हे गणित मी फळ्यावर शंभरदा मांडलं असेल. दादा ते मांडत नाही. पेटीवर किती धूळ बसली ते बघतो.

लाल बाटलीचंही एक प्रकरण आहे, आणि त्याची दादाला जास्त काळजी वाटते. दोन्ही पेयांवर छापलेलं असतं की लहान मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी घेऊ नये, दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये. धुळ्याच्या ड्रायव्हरने ती मर्यादा एका खरेदीत गाठली. आणि नाक्यामागच्या वस्तीतली शाळेची पोरं वीसची नोट घेऊन येतात. सव्वाशेचा कॅन मुलांना किमतीमुळेच मिळत नव्हता; वीसच्या बाटलीला तसा आडोसा नाही. दादा गणवेशातल्या मुलाला देत नाही. मुलं शर्ट बदलून येतात. मग तो विचारतो, "पप्पांना विचारलंस?" मुलगा हो म्हणतो. यावर माझ्या टिपणवहीत उत्तर नाही, आणि पाकिटावरची बारीक अक्षरं ट्यूबलाइटखाली मलाच चष्मा लावून वाचावी लागली.

दादाने जूनमध्ये नाक्यावरचे उरलेले कॅन स्कूटरच्या डिकीत घालून भंवरकुआँला नेले. एकवीस होते. तीन गेले होते. त्यातला एक मीच घेतला होता.

प्रिलिम्सच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा त्या दुकानात होतो. दोन मुली आल्या, एकीच्या हातात सामान्य अध्ययनाची झेरॉक्स. दोघींत मिळून एक कॅन घेतला, यूपीआयवरून निम्मे-निम्मे पैसे दिले आणि दादाकडून चहाचे दोन कागदी कप मागून घेतले. कपांत ओतताना एकीने डोळ्यांच्या रेषेत धरून पातळी मोजली. प्यायल्यावर दोघींनी तोंड वाकडं केलं. मग एकीने रिकामा कॅन दुकानाबाहेरच्या नळाखाली विसळला, दोनदा, हलवून पाणी काढलं, आणि झेरॉक्सशेजारी बॅगेत ठेवला.

दादाने विचारलं, "बेटा, डस्टबिन इधर है."

"नहीं भिया," ती म्हणाली, "पेन रखूँगी इसमें."